गालावरचा ठसा

भंडाऱ्याच्या टॉकीजमध्ये ते माझ्या शेजारी बसले होते. वय साठीच्या पुढे, नखांत माती, मांडीवर सहा वर्षांची नात. पडद्यावर मातीच्या बाहुल्या इंचाइंचाने हलवून केलेला भुताचा सिनेमा चालू होता. विहिरीतून भूत वर आले तशी नात रडू लागली. "आबाजी, मले घरी ने."

त्यांना जायचे नव्हते. ते पवनीला गणपती घडवतात, असे त्यांनी मला आधीच सांगितले होते. माती चालते कशी, ते त्यांना पाहायचे होते.

"भूत कायचं? माती आहे ते," ते मोठ्याने म्हणाले. "पाह्य, गालावर बोटाचा ठसा दिसून राहिला. ओला हात फिरवाले भुलला तो घडवणारा."

नातीने डोळे पुसून ठसा शोधला. पुढच्या रांगेतली पोरेही ठसे शोधू लागली. भुताला कोणी भिईना.

"काकाजी, आमच्या पोरायले भेऊ द्या न जरासं," एक बाप मागे वळून म्हणाला.

मग सिनेमात पाऊस आला आणि भूत अंगणात भिजत उभे राहिले. गृहस्थ ताडकन उठले. "कच्ची माती पाण्यात काहून ठेवून राहिले? चाल बाई, मले नाही पाहवत."

नातीने सदरा ओढून त्यांना खाली बसवले. पुढचा भाग त्यांनी डोळे मिटून काढला. पाऊस थांबला का, एवढेच ते तिला मधूनमधून विचारत होते.