अण्णांचं जाड तेल

अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, पातळ काहीच चालायचं नाही. वरण पातळ झालं की ताट सरकवायचे, चहा पातळ झाला की "पाणी पाजतेस व्हय?" म्हणून आईला छेडायचे. अन् गाडीच्या इंजिनात तर वीस-पन्नासच, म्हणजे दुकानात मिळेल ते सगळ्यात जाड तेल. चिकलठाण्याच्या एका कंपनीत तीस वर्षं फिटर होते. नवं तेल अंगठा अन् बोटामध्ये चोळून बघितल्याशिवाय ते कुठल्याच यंत्रात जाऊ द्यायचे नाहीत. "आपल्याकडचं ऊन बघ, या उन्हात पातळ तेल टिकंल का?" हे त्यांचं ठरलेलं.

दर रविवारी सकाळी ते त्यांच्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडायचे. तेलाची पट्टी काढायची, फाटक्या बनियनच्या चिंधीनं पुसायची, परत घालून तेल किती आहे ते बघायचं. मी नवी गाडी घेतली तेव्हा तिचीही पट्टी त्यांनी न विचारता आपल्याकडे घेतली. मी आपली लोळत असायची.

माझ्या गाडीच्या पुस्तकात पाच-तीस लिहिलेलं, म्हणजे चांगलंच पातळ. एकदा मी ट्रेनिंगसाठी चार दिवस नागपूरला गेले. परत आले तर अण्णा फाटकातच हसत उभे. "तुझ्या गाडीला खरं तेल घातलं बघ!" दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली तर इंजिन टकटक टकटक. माझं डोकंच फिरलं. होते तसे, घरच्या चपलांवर, त्यांना गाडीत बसवलं आणि चिकलठाण्यात त्यांच्या दोस्ताच्या, चाचांच्या गॅरेजवर नेलं. तिथं चार गिऱ्हाइकांसमोर मी म्हणाले, "अण्णा, तुमचा जमाना गेला. ज्यातलं कळत नाही त्यात हात घालू नका!"

अण्णांनी कुणाकडंच बघितलं नाही. हातातल्या चिंधीची घडी घातली, खिशात ठेवली. "व्हय, चुकलं माझं," एवढंच म्हणाले. माझ्या तोंडाचा पट्टा तरी कुठं थांबला? घर येईपर्यंत मी बडबडतच होते.

त्यानंतर माझ्या गाडीच्या बॉनेटला त्यांनी हात लावला नाही. रविवारी फक्त स्वतःची गाडी बघायचे. मला वाटलं, बरं झालं, कटकट गेली. आज लिहितानासुद्धा माझी मला लाज वाटते. गेल्या हिवाळ्यात त्यांचं हृदय थकलं आणि दोन दिवसांत ते गेले. 'चुकलं माझं' म्हणायला मला चार वर्षं मिळाली होती. मी म्हणाले नाही.

"ह्यांची गाडी विकायची नाय," आईनं तेराव्यालाच सांगून टाकलं. अण्णा असताना रोज संध्याकाळी त्या गाडीची घरघर कोपऱ्यावर वळली की ती गॅसवर चहा ठेवायची. आता मी रविवारी गाडी सुरू करायची आणि आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी डोळे मिटून उभी राहायची. बाकी तिनं काही मागितलं नाही.

मग तेल बदलायची वेळ आली. मी शहाणी. दुसऱ्याच गॅरेजात गेले, गाडीचं जुनं पुस्तक उघडून दाखवलं आणि त्यात लिहिलेलं पातळ तेल घालून घेतलं. पुढं महिनाभर पट्टी काढून बघितली नाही. ते काम कधी माझं नव्हतंच.

आईला अजिंठ्याला आत्याकडं घेऊन निघाले. अर्ध्या वाटेत मागं निळसर धूर दिसला, स्टिअरिंगपुढं लाल दिवा लागला. "दिवे काय, लागतात," म्हणत मी गाडी तशीच दामटली. पाच-सहा किलोमीटरवर खडखड झाली आणि इंजिन जागेवर जाम झालं. आई रस्त्याकडेच्या दगडावर पिशवी मांडीवर घेऊन बसली.

गाडी ओढत अण्णांच्या दोस्ताकडंच आणली, आईला रिक्षानं घरी सोडलं आणि माझी गाडी घेऊन परत गॅरेजवर आले. चाचांनी पट्टी काढली. कोरडी. "पतला डाले क्या, बेटा?" मी मान हलवली. "अगं, हे इंजिन घासलेलं. जाड होतं म्हणून टिकून होतं. पातळ सगळं जाळून टाकलं यानं. अण्णाला ठाऊक होतं."

मग हात पुसत म्हणाले, "तू रागावली ना त्या दिवशी, तिसऱ्या दिवशी अण्णा आला. स्टूल घेऊन बसला. म्हणे, पोरीची गाडी बिघडवली मी, मला ते आकडे समजावून सांग. पाच म्हणजे काय, तीस म्हणजे काय. दोन तास बसला. तुझी गाडी सर्व्हिसिंगला यायची ना, त्याच्या आदल्या दिवशी येऊन सांगून जायचा. पोरीच्या गाडीला पातळच घाल, माझ्या डब्यातलं जाड चुकून नको."

सत्तरीच्या माणसानं स्टुलावर बसून शिकून घेतलं. मी त्यांना एकदाही विचारलं नाही की अण्णा, तुमच्या गाडीला जाड का?

संध्याकाळी माझ्या गाडीनं घरी आले. आई स्वयंपाकघरात पाठमोरी होती. मी दारात येऊन उभी राहिले तरी तिला कळलं नाही.

"आई."

ती दचकली. "तुझी गाडी आलेली कळतच नाय बाई." मग म्हणाली, "काय म्हणले चाचा?"

"इंजिन बदलावं लागेल. दुसरं बसवून देतील."

"मग आवाज त्योच येईल ना?"

"नाही येणार," मी म्हणाले. "चुकलं माझं."

आईनं गॅसकडं बघितलं. पातेलं रिकामंच होतं.