एकोणतिसाचा पाढा

“म्हणा रे पाढे,” एवढं बोलून गुरुजी कोपऱ्यातला पितळी तांब्या उचलत आणि शाळेमागच्या करवंदीच्या जाळीकडे निघत. चालण्यात घाई असे. ती दिसू नये म्हणून ते धोतराचा सोगा हातात धरून मुद्दाम डावी-उजवीकडची झाडं न्याहाळत जात.

साठच्या दशकातली गोष्ट. शेणव्याजवळच्या एका गावात आमची दोन मास्तरांची शाळा होती. गुरुजी मुख्याध्यापक, तिसरी-चौथी त्यांच्याकडे. मी नवखा, माझ्याकडे पहिली-दुसरी. मध्ये कुडाची भिंत. पलीकडून ‘बे एके बे’ सुरू झालं की गुरुजी बाहेर पडले हे मला कळे. ते परतेपर्यंत पोरांनी थांबायचं नाही असा नियम होता. बाराच्या पाढ्याच्या आसपास आवाज थांबला तर दिवस बरा जाई. वीस ओलांडले की मी त्यांच्यासाठी मीठ-साखरेचं पाणी करून ठेवी. शेजारच्या खाचरात काम करणाऱ्या बायकांनाही हे ठाऊक झालं होतं. “आज एकोणतीस झाला गो,” असं एखादी म्हणे आणि बाकीच्या चुकचुकत.

तुम्ही म्हणाल, माणसाचं पोट हा काय सांगायचा विषय आहे? पण आमच्या गुरुजींचं पोट हा गावाचा विषय होता.

गुरुजी घाटावरचे, गोदाकाठचे. घरची गव्हाची शेती. बायको ती सांभाळायला गावी राहिलेली आणि हे नोकरीपायी भाताच्या मुलखात येऊन पडलेले. भाताबद्दल त्यांचं मत ठाम होतं. “भात म्हणजे पाणीच. शिजलं म्हणून त्याला जेवण म्हणायचं.” भात पिकवणाऱ्यांच्या ओटीवर बसून हे ते सांगत आणि लोक ऐकून घेत. तोंड फटकळ असलं तरी शिकवणं सोन्यासारखं होतं. शाळेत नवं पोर आलं की त्याचा पहिला ‘श्री’ गुरुजीच हात धरून गिरवून घेत. आईबाप तेवढ्यासाठी हातातलं काम टाकून येत.

मी मुरबाडचा. दर शनिवारी एस्टीने घरी जाई आणि सोमवारी येताना गुरुजींसाठी गव्हाचं पीठ दळून आणी. आमच्याकडे गहू सणावारापुरता. ओळखी काढून तो मिळवावा लागे. पिठाबरोबर मूठभर दाणेही आणायचे, अशी त्यांची अट होती. त्यातला एक दाणा ते दाढेखाली धरत, डोळे मिटत आणि कट् असा आवाज ऐकत. मग निकाल देत, “आमच्याकडचा नाही.” दोन वर्षांत माझा एकही दाणा पास झाला नाही. पोळ्या मात्र खात.

त्यांचं अंग काही भरत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीला गावी गेले की परतताना आणखी वाळून येत. सगळ्यांचं एकच म्हणणं, गुरुजींना इथलं पाणी बाधलं. गुरुजींचंही तेच. ते पाणी उकळून, तुरटी फिरवून, फडक्याने गाळून पीत. शाळा झाडणारी आणि त्यांचं पाणी भरणारी ठकूबाई पाड्यावरून येई. तिला हे लागायचं. “आमी तेच पानी पितो ना गुरुजी? आमाला नाय काय व्हत.” गुरुजी म्हणत, “तुमचं पोट इथलं आहे, बाई.”

पुढे त्यांच्या पायांवर सूज आली. शाळेची दोन पायठणं चढून ते दम खायला थांबू लागले. मग एक शब्द गावात हळूच फिरला. क्षय, आतड्याचा. आधी दोन पोरं शाळेत यायची थांबली, मग पाच. मी गुरुजींना मुंबईला एका मोठ्या इस्पितळात घेऊन गेलो. तिथे त्यांना रबरी नळीच्या टोकाला बसवलेली एक धातूची गोळी गिळायला लावली. अर्धा दिवस तशीच पोटात ठेवली आणि मग ओढून काढली. आतड्याचा कणीएवढा तुकडा ती घेऊन येते म्हणे. तो काचेवर लावून तपासायचा होता. डॉक्टर म्हणाले, महिना लागेल, निकाल पोस्टाने कळवू. क्षय असेल तर शाळा सोडून सॅनेटोरियममध्ये जावं लागेल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

परतीच्या वाटेवर गुरुजी एवढंच म्हणाले, “गोळी गिळायला दिली आणि परत घेतली. असा औषधोपचार पहिल्यांदा पाहिला.”

त्या महिन्याबद्दल सांगायचं तर गुरुजींनी स्वतःच स्वतःला शाळेबाहेर काढलं. खुर्ची ओटीवर नेली आणि दारातून शिकवू लागले. स्वतःचा खडू वेगळा, पेला वेगळा. पोरांच्या वह्या ते हातात घेईनासे झाले. पोर समोर उभं राही, वही उघडून धरी आणि गुरुजी लांबून चूक सांगत. एक बाप आपल्या पोरीला पहिल्या ‘श्री’साठी घेऊन आला. गुरुजींनी हात मागे बांधले. “मास्तर, तुम्ही गिरवून घ्या,” मला म्हणाले. बापाचं तोंड उतरलं. मी पोरीचा हात धरला, पण माझा ‘श्री’ वाकडा आला.

पोस्टमन मंगळवारी आणि शुक्रवारी येई. त्या दोन दिवशी गुरुजी त्याच्या वाटेकडे पाठ करून बसत. चौथीचा परीक्षेपर्यंतचा सगळा अभ्यास त्यांनी एका वहीत लिहून काढला आणि ती माझ्या टेबलावर ठेवली. मी ती बघितली नाही असं दाखवलं.

त्यांना ताकद यावी म्हणून मी काय काय केलं. पीठ दुप्पट आणलं. कल्याणहून येणाऱ्या माणसाकडून पाव मागवले. बघायला येणारेही बिस्किटांचे पुडे आणत, कारण आजाऱ्याला हलकं म्हणून तेच द्यायची रीत. मध्ये मी तापाने आठ-दहा दिवस मुरबाडलाच पडून होतो. पीठ संपलं, पाव संपले. ठकूबाईने तांदळाची पेज आणून दिली. “घ्या थोडी. पोटाला नाय तरास व्हत,” म्हणाली. दुसरं काही नव्हतंच, म्हणून गुरुजींनी तोंड वाकडं करून ती घेतली. मी परत आलो तेव्हा पाढे चौदावर थांबत होते. गुरुजी म्हणाले, मुंबईचं वारं मानवलं. मी खूश झालो आणि आठवड्याची कसर भरून काढायला पिठाची मोठी पिशवी त्यांच्यापुढे ठेवली. पुढच्या शनिवारपर्यंत पाढे पुन्हा एकोणतिसावर गेले. आम्ही दोघं शिकलेली माणसं, पण एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

पत्र एका शुक्रवारी आलं. इंग्रजीत होतं. गुरुजींना इंग्रजी येत नसे. त्यांनी पाकीट माझ्याकडे दिलं आणि ओटीच्या कडेला बसले.

क्षय नव्हता. हे मी आधी सांगितलं. गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग मी पुढचं वाचलं. रोगाचं नाव सीलिअॅक असं काहीतरी होतं, मला ते धड वाचता येईना. औषध नव्हतं. पथ्य होतं, तेही जन्मभराचं. गहू पूर्ण बंद. पोळी, पाव, बिस्किट, रवा, काहीही नाही. तांदूळ, नाचणी, ज्वारी चालेल.

“नीट वाचा, मास्तर. तांदूळ बंद असेल.”

मी पुन्हा वाचलं. गहूच होता.

गुरुजी पुढच्या खाचराकडे बघत राहिले. मला मात्र तिथे बसवेना. दोन वर्षं एस्टीत मांडीवर धरून जपून आणलेल्या त्या पिशव्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या. “गुरुजी, मीच आणत होतो,” मी म्हणालो आणि मला रडू आलं. लाज वाटली, पण आलं.

“तुम्ही माझ्यासाठी आणत होतात,” ते म्हणाले. “मी तर लहानपणापासून बापाच्या हातचा खात आलोय. त्याला का दोष देऊ?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते विहिरीवर गेले. पाणी भरणाऱ्या बायकांसमोर तांब्याभर पाणी न उकळता, न गाळता प्यायले. “तुमच्या पाण्याला मी उगीच नावं ठेवली,” म्हणाले. ठकूबाईने घागर डोक्यावर घेतली आणि म्हणाली, “आमी सांगतच व्हतो.” मग ते शाळेत आले आणि खुर्ची आत घेतली. त्या नव्या पोरीला जवळ बोलावलं, तिचा हात धरला आणि पाटीवर ‘श्री’ काढून घेतला. माझ्या वाकड्या ‘श्री’वरूनच गिरवला.

दोन-तीन महिन्यांत गुरुजींच्या गालावर मांस आलं. रोज सकाळी पेज, दुपारी भात, रात्री नाचणीची भाकरी. भाताला पाणी म्हणणं त्यांनी सोडलं, पण आवडला असंही कधी म्हणाले नाहीत. तांब्या कोपऱ्यात धूळ खात पडला. त्या वर्षी चौथीच्या पोरांचे पाढे कच्चे राहिले, साहेबांनी तपासणीत तसा शेरा मारला. गुरुजींनी तो मला दोनदा वाचून दाखवला. एवढ्या आनंदाने वाईट शेरा वाचणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

निवृत्त होऊन ते गावी गेले. त्यानंतर होळीच्या सुमाराला मुरबाडच्या स्टँडवर माझ्या नावाची एक पिशवी येऊ लागली. तोंड सुतळीने बारीक टाक्यांनी शिवलेलं, वर शाईने पुस्तीसारख्या अक्षरात माझं नाव. आत नवा गहू. पहिल्या वर्षी चिठ्ठी होती, “मास्तर, माझ्या वाट्याचाही तुम्हीच खा.” पुढे चिठ्ठी नसे, पिशवी मात्र येई. ज्या शेतातला एक घासही त्यांना चालत नव्हता, त्यातला गहू ते निवडून, शिवून, घाट उतरवून मला पाठवत. दर होळीला मी स्टँडवर चौकशी करी आणि अक्षर बघूनच निर्धास्त होई. अशी अकरा वर्षं गेली.

बाराव्या वर्षी पिशवी आली ती मोठ्या, ढिल्या टाक्यांची. नाव माझंच होतं, पण अक्षर तिरकं, कुणा तरण्या माणसाचं. त्यांच्या मुलाचं असावं. चिठ्ठी नव्हती. मी पिशवी ओटीवर ठेवली आणि दोन दिवस उघडली नाही.

तिसऱ्या दिवशी टाके उसवले. एक दाणा दाढेखाली धरला, डोळे मिटले. कट् असा आवाज आला. “तुमच्याकडचा,” मी म्हणालो. मग गहू डब्यात ओतला आणि बायकोला सांगितलं, आज मला पेज कर.