दूरच्या रांगेतले खांब

आमच्या एस्टरडालन खोऱ्यात मार्च येतो तो आधी छपरावर येतो, जमिनीवर फार उशिरा. नदी अजून पांढरी दुलई ओढून पडलेली असते, ऊन मात्र दिवसागणिक धीट होत जातं. अशाच एका उन्हाच्या सकाळी गुनवोर 'फुरुलिया' नावाच्या सोसायटीच्या अंगणात उभी होती आणि तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. ही माणसं गाड्या इतक्या लांब का लावतात?

इमारतीच्या भिंतीलगत गाड्या लावायच्या जागांची एक ऐसपैस रांग होती, दारापासून हाकेच्या अंतरावर. ती अख्खी रिकामी. आणि अंगणाच्या पार टोकाला, जिथे वारा गालफडं सोलून काढतो, तिथे सगळ्या गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या.

गुनवोरचा धंदाच असा की तिला हे कळायलाच हवं होतं. नवी इमारत उठायची असो की जुनी सुधारायची असो, विजेच्या गाड्या कुठे चार्ज करायच्या, तार किती जाड घालायची, सगळ्यांच्या चुली पेटल्या की गाड्यांनी आपसात वीज कशी वाटून घ्यायची, हे ती आराखड्यात लिहून द्यायची. ती लिहील तसं ठेकेदार बांधणार. नीट लिहिलं तर कुणाला तिची आठवणही येणार नाही. चुकलं तर लोक रोज सकाळी तिचा उद्धार करणार.

फुरुलियाचं माप तिने जुलैत घेतलं होतं. जुलैत आमच्याकडे माणूस घरी सापडत नाही, सगळे सुट्टीला डोंगरातल्या आपापल्या झोपड्यांत. रिकाम्या अंगणात तिने पाहिलं, विजेची खोली भिंतीला लागून आहे, मग चार्जरही भिंतीलाच. तार आखूड, खर्च कमी. सोसायटीचा अध्यक्ष तोरगाइर खूश झाला होता. उद्याच्या वार्षिक सभेत तोच आराखडा मताला जायचा होता.

त्या मतावर ओशिलचं घर टांगलेलं होतं. ओशिल तळमजल्यावर राहायची. खोऱ्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी जाऊन औषधपाणी करणारी परिचारिका ती. तिने विजेची गाडी घेतली आणि दूरच्या रांगेतल्या जुन्या खांबाला जोडली. हे खांब थंडीत इंजिनं ऊबदार ठेवण्यासाठी उभारलेले, तारा बारीक. पिन बसली म्हणजे चाललं, असं तिला वाटलं. महिन्याभरात खांबाचं तोंड भाजलेल्या पावासारखं तपकिरी झालं आणि समितीने बंदी घातली. तेव्हापासून ती कामावरून दमून आली की नदीकाठच्या दुकानापाशी गाडी चार्जिंगला लावून, तिथेच बसून डब्यातला पाव खायची. या सभेत काही ठरलं नाही तर खालच्या गावात भाड्याने जायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. निम्मं सामान बांधूनही झालं होतं.

ती बाहेर आली तशी गुनवोरने तिलाच गाठलं. "ओशिल, तुम्ही सगळे तिकडे टोकाला का गं लावता?"

"खांब तिकडे आहेत म्हणून."

"आणि खांब तिकडे का?"

ओशिल थबकली. "अगं बाई, ते कधी मनातच आलं नाही."

गुनवोरला मात्र चैन पडेना. दारापाशी जागा असताना कुठला वीजवाला उगाच अंगणभर तार ओढील? फुकट तार कुणी घालत नाही. शेवटी तिने आवार सांभाळणाऱ्या ओड्मुनला विचारलं. म्हातारा फावड्यावर रेलून उभा होता.

"तू समुद्राकडची ना, बाई?"

"हो. का?"

"वाटलंच. तुमच्याकडे बर्फ कॉफीलासुद्धा थांबत नाही."

"थट्टा पुरे. खांब लांब का, ते सांगा की."

"सांगायला कशाला हवं? दोन पावलं मागे सरक, आणि छप्पर बघत उभी राहा. ऊन छान आहे आज."

ती उभी राहिली. पत्र्यावर हिवाळाभराचा बर्फ जाड गादीसारखा पसरला होता. कडेवरून थेंब गळत होते. मग आत कुठेतरी गाय हंबरावी तसा आवाज आला. अख्खी गादी सरकली आणि भिंतीलगतच्या रिकाम्या रांगेवर धाडकन कोसळली. खिडक्यांची तावदानं थरथरली. उडालेला भुगा गुनवोरच्या भुवयांवर येऊन बसला.

"तिथे तू चार्जर लावणार होतीस म्हणे," ओड्मुन म्हणाला.

"मला कुणी बोललं का नाही?"

"हे काय सांगायचं असतं? नदी उताराला वाहते, हे तरी कुणी सांगितलं तुला?"

तोरगाइरने ऐकलं आणि डोकं धरलं. चार्जर टोकाला न्यायचे तर अंगणभर चर खणायला हवा. "खर्च वाढला की ही मंडळी मत द्यायला हात उचलत नाहीत, गुनवोर. मी ओळखतो यांना."

दाराशी उभ्या ओशिलने ते ऐकलं. ती तशीच आत गेली.

दुसऱ्या दिवशी सभेत गुनवोरने आडपडदा ठेवला नाही. भिंतीची जागा चुकीची, टोकाची बरोबर, आणि तार मात्र सगळ्या गाड्यांना पुरेल अशीच घालायची, म्हणजे जमीन पुन्हा उकरावी लागणार नाही. कुणी छताकडे बघितलं, कुणी कपात.

"तार घालायला वीजवाला लागतो," मागून ओड्मुनचा आवाज आला. "खड्ड्याला कशाला?"

"तुझी तर डिझेलची गाडी," कुणीतरी टोमणा मारला.

"आणि तीच मला स्मशानात नेईल. पण गेल्या हिवाळ्यात माझा पाय सुजला तेव्हा रोज पट्टी कोण बांधत होतं? वसंतातल्या दुगनादला दरवर्षी आपण पानंच गोळा करतो. यंदा चर खणू."

दुगनादला, म्हणजे सगळ्यांनी मिळून हात लावायच्या दिवसाला, आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. म्हणणाऱ्याकडे लोक वर्षभर बघतात. आधी एक हात वर गेला, मग रांगेने सगळे.

मे महिन्यात गोठलेली जमीन मोकळी झाली आणि फुरुलियाने फावडी काढली. गुनवोरही आली, तिला कुणी बोलावलं नसताना. पण माती कशी आहे ते तिला बघायचं होतं. दुपारी ओशिलने गरम वाफल, म्हणजे साच्यातली गोड धिरडी, आणि तपकिरी चीज आणलं. बशी हातात घेताना गुनवोरला तिच्या तळाला वर्तमानपत्राचा तुकडा चिकटलेला दिसला.

"हे काय?"

"बश्या बांधून ठेवल्या होत्या," ओशिल म्हणाली आणि तुकडा सोलून खिशात घातला. "खोकं फोडलं आज. खा, गार होईल."