टाकीतला पहिला घास

आमच्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, आणि तरी मी घरात काचेच्या टाकीत खारं पाणी भरून मासे पाळते, यावर मालवणात सगळ्यांचं हसून झालेलं आहे. "दर्या पुरलो नाय काय गो तुका?" असं मला भाजी घेतानाही विचारतात. मी उत्तर देत नाही. द्यायचं तर बाबांपासून सुरुवात करावी लागेल, आणि ते भाजीवाल्यासमोर सांगण्यासारखं नाही.

बाबांनी जन्मभर होडी चालवली. मग दम लागायला लागला, डॉक्टरांनी समुद्र बंद केला, होडी विकली. घरात आम्ही दोघंच. त्यानंतर ते किनाऱ्याकडे फिरकले नाहीत. ज्यात जाता येत नाही ते बघत कशाला बसायचं, म्हणायचे. तेवढं मी चालवून घेतलं असतं, पण त्यांचं जेवण तुटलं. मी कुडाळला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते. सकाळी स्वयंपाक करून, ताट झाकून निघायची; संध्याकाळी बघावं तर अर्धं अन्न तसंच. माझे बाबा, आणि बांगडासुद्धा पानात टाकून उठत होते.

अशी टाकी मी ऑफिसातल्या एका बाईंकडे पाहिली होती. विरंगुळा म्हणून आणली. पांढऱ्या पट्ट्यांचे दोन केशरी क्लाऊनफिश, थोडे दगड आणि एका दगडावर मऊ प्रवाळांची वसाहत, शर्टाच्या बटणाएवढी हिरवी फुलं. आपल्या समुद्रातलं प्रवाळ उचलणं गुन्हा आहे. हा दुकानात वाढवलेला तुकडा. थोड्याच दिवसांत बाबा ताट घेऊन टाकीसमोर बसायला लागले आणि ताट रिकामं व्हायला लागलं. मी अक्षरशः देवापुढे साखर ठेवली.

टाकी लहान, म्हणजे काम सोपं, असा माझा समज होता. आहे उलटंच. पाणी कमी असल्यामुळे कुठलीही गोष्ट जरा जास्त झाली की लगेच अंगावर येते. दुकानदार फोनवर रोज एक नवं यंत्र सुचवायचा, आणि कोणी घाई केली की मी हटून बसते. पाणी थंड करायचं महागडं यंत्र घेतलं नाही. वरून एक छोटा पंखा लावला. त्याने पाणी वाफ होऊन उडतं पण मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायला आरओचं गोडं पाणी. लाटा करणारा छोटा पंप. बॅटरीवरचा हवेचा पंप मात्र पहिल्याच दिवशी घेतला, कारण आमच्याकडे वारा सुटला की वीज जाते. स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर उचलणारं यंत्र, ते नको म्हटलं. दर रविवारी खाडीच्या तोंडापासून लांब जाऊन भरतीचं स्वच्छ पाणी कॅनमध्ये आणायचं आणि थोडं थोडं बदलायचं, इतक्या टाकीला तेवढं पुरतं.

पुरेना. दगडांवर शेवाळ चढलं. पाण्यावर तेलकट साय धरायला लागली. थेंब टाकून रंग जुळवायची तपासणी केली तर नायट्रेट आणि फॉस्फेट, म्हणजे अन्न-घाण कुजून पाण्यात उतरणारे क्षार, दोन्ही वर. ही दोन्ही थोडी लागतातच, अगदी नाहीशी केली तर प्रवाळ फिकट पडतं. पण इतकी असली की शेवाळ माजतं आणि प्रवाळ तोंड मिटून घेतं. आमची हिरवी फुलं मिटायला लागली. मी माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. आरओचे फिल्टर बदलले. फॉस्फेट शोषणाऱ्या गोळ्या घातल्या. शेवटी नाक मुठीत धरून स्किमरही घेतला, आणि दुकानदाराने "मी तेव्हाच म्हटलं होतं" म्हटलं तेही ऐकून घेतलं. आकडा हलेना.

एका रविवारी टाकीतल्या फिल्टरचा स्पंज पिळताना हाताला काहीतरी टणक लागलं. बघते तर तिरफळ. बांगड्याच्या तिकल्यात, म्हणजे तिखट कालवणात, घालतात तेच, आदल्या दिवशी मीच घातलेलं.

"बाबा, टाकयेत जेवाण घालतास तुमी?"

"जेवाण खंयचा? पयलो घास," बाबा शांतपणे म्हणाले. "दर्याक घास दिल्याशिवाय आमी होडीत कदी जेवलंव नाय."

डोळ्यांसमोर महिनाभराचा हिशेब उलगडला. रोज दुपारी, भात आणि तिकल्याचा कालवलेला घास, तेलासकट. माझा तोल गेला. ही टाकी आहे, समुद्र नाही, तुमच्या घासाने सगळं मरायला आलंय, असं बरंच काही बोलले. "बरा. नाय घालणंय," बाबा म्हणाले.

पाणी लवकरच निवळलं. तपासणीचा रंग उतरला, शेवाळ खरवडून निघालं, फुलं एकेक करून उघडली. आणि झाकलेलं ताट पुन्हा अर्धं परत यायला लागलं. मी ज्या यंत्रांवर इतकी डोकेफोड केली त्यांतलं एकही या अर्ध्या ताटाला उपयोगी नव्हतं. मला रडू आलं, आणि माझाच इतका राग आला की त्या दिवशी मीही जेवले नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी मी त्यांचं ताट टाकीसमोर मांडलं. कालवण वाढायच्या आधी भातातलं एक शीत वाटीभर पाण्यात धुतलं, चिमट्यात धरलं आणि चिमटा त्यांच्यापुढे केला.

"येकच शीत?"

"टाकी येवडीच आसा, बाबा. येवडा तिका सोसात."

त्यांनी ताट जरा मागे सारलं. मला वाटलं, आता उठून जाणार.

"बराबर आसा," ते म्हणाले. "दर्या ल्हान झालो, तर घास पण ल्हान होऊक व्हयो."

त्यांनी चिमटा घेतला आणि टाकीत बुडवला. शीत पाण्यात सुटलं. दोघांतला मोठा मासा आला, त्याने ते तोंडात घेतलं, थुंकलं, पुन्हा घेतलं. बाबांनी डोळे मिटून हात जोडले, होडीत जोडत असतील तसे, आणि ताट पुढे ओढलं. मी कालवण वाढलं. ते खाली मान घालून जेवत राहिले. मी टाकीकडे बघण्याचं नाटक करत बसले होते.

"आनी वायच भात वाढ गो," बाबा म्हणाले.