संथ पेटीची ओळ

चारला पडदा उघडायचा होता आणि तीन वाजता दिवेमास्तरांना दरदरून घाम फुटला होता. वीस वर्षं त्यांच्या हाताखाली नांदलेली, रंगमंचावरचे दिवे कमीजास्त करणारी पेटी आज कॉम्प्युटरला ओळखच देईना.

"मास्तर, आज अंधारातच मरू का मी?" शेवटच्या प्रवेशात मरणाऱ्या माईंनी विंगेतून विचारलं.

"मरा हो, पण जरा दम धरून!"

मास्तरांनी कॉम्प्युटरच्या युनिक्स प्रणालीची सेटिंगची फाईल उघडली आणि कपाळावर हात मारला. प्रयोगाआधी रंगमंच झाडायची त्यांची सवय. काल त्यांनी ही फाईलही झाडली होती. तीत यूएसबीने जोडलेली यंत्रं ओळखणाऱ्या दोन ड्रायव्हरांची एकेक ओळ होती, एक वेगवान यंत्रांसाठी, एक संथ यंत्रांसाठी. संथ आता कोण वापरतं, म्हणून त्या ओळीच्या सुरुवातीला, कॉम्प्युटरने ती वाचू नये अशी खूण टाकून त्यांनी ती बंद केली. पेटी मात्र जुनी, संथच बोलणारी!

त्यांनी खूण पुसली, मशीन पुन्हा सुरू केलं. पेटीवर हिरवा ठिपका उमटला आणि रंगमंच सोनेरी उजेडाने भरून गेला. मास्तरांनी विंगेकडे हाक दिली.

"या माई, मरायला भरपूर उजेड आहे."

"तुम्ही मात्र शंभर वर्षं जगा!"

हसत हसत मास्तरांनी त्या ओळीशेजारी टीप लिहिली: 'म्हातारी आहे, पण कामाची. झाडू नये.'