लॉक मी लावलं, बोलणी सुनीतानं खाल्ली

मंडळी, आज सकाळचं सांगितल्याशिवाय मला घास उतरायचा नाही.

उसाला पाणी चालू होतं, आमची गाडी बांधाजवळ चिखलात रुतली. एक चाक नुसतं जागेवर फिरायला लागलं. मी डिफरन्शियल लॉकचं बटण दाबलं, मागची दोन्ही चाकं एकदम फिरली अन् गाडी निघाली. मग बायकोला म्हणालो, "सुनीता, आता तू घे."

सरळ वाटेनं आष्ट्याच्या फाट्यावर आलो. तिथं वळताना ती ओरडली, "आवं, गाडी वळंना झालीया!" गाडी चहाच्या टपरीसमोरच्या बाकड्यावर गेली. बाकडं मोडलं. नशीब, त्यावर कुणी बसलं नव्हतं.

मी सगळ्यांदेखत सुरू झालो, "तुला लायसन दिलं कुणी?" लोक हसले. ती उतरून मागं जाऊन बसली.

मी स्टेरिंगवर बसलो, तर समोर लॉकचा दिवा पेटलेला. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं. लॉकमध्ये दोन्ही सारखीच फिरतात, गाडी सरळच रेटत जाते. लिमिटेड-स्लिप जातीचं डिफरन्शियल असतं तर वळणावर आपोआप सैल पडलं असतं. आमचं लॉक आठवणीनं काढावं लागतं. अन् मी फौजेत ड्रायव्हर होतो!

गुपचूप बटण दाबून लॉक काढलं. माफी घरी येऊन मागितली.

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "वरडायचं फाट्यावर, अन् माफी चुलीपाशी व्हय?"

म्हणून इथं लिहिलं. पण हसलेले लोक इथं कुठं आहेत? आता फाट्यावर निघालोय. बाकडं दुरुस्त करायचंय, ते सोपं आहे.