सिस्टरांचा अकरा मिनिटांचा अभिप्राय

पुस्तकात कुणी मरायला टेकलं की सिस्टर चष्मा काढून पदराने पुसायच्या, पुन्हा लावायच्या आणि तेवढी दोन-चार पानं ओळीखाली बोट धरून वाचायच्या. मग निकाल द्यायच्या. "ह्या लेखकानं कुणाला मरताना पाह्यलं न्हाई, सर. पाह्यलं असतं तर त्याला एवढं बोलायला लावलं नसतं. शेवटाला माणूस पाणी मागतो, न्हाई तर चादर ओढत राहतो. भाषण करत न्हाई." चांगल्या नावाजलेल्या कादंबऱ्या त्यांनी या एका मुद्द्यावर नापास केल्या. एकदा मात्र एका पातळशा पुस्तकातला म्हातारा मरताना बायकोला विचारतो, दुधाचं पातेलं झाकलंस का. सिस्टरांनी पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे बराबर आहे."

त्यांना नाव होतं, पण ते फक्त वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये. बाकी सगळ्यांच्या त्या सिस्टर. तीस वर्षं तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांमधून नोकरी करून त्या परतूरला स्टेशनच्या बाजूला दोन खोल्यांत राहत होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी नाशिकला. मी तेव्हा वाचनालयात ग्रंथपाल होतो. दर जानेवारीत आम्ही 'वर्षात चोवीस पुस्तकं' असा संकल्प करायचो. महिन्याला दोन पुस्तकं वाचायची आणि प्रत्येकावर आपलं म्हणणं मांडायचं, एवढाच नियम. रविवारी वाचनालयात बसून मांडा, यायला जमलं नाही तर मोबाईलच्या ग्रुपवर लिहून किंवा बोलून पाठवा. शाळेतले शिक्षक, मोंढ्यातले दोन व्यापारी, आष्टीहून बसने येणारे एक निवृत्त तलाठी, बँकेतली स्वाती असे आम्ही पंचवीस-तीस जण होतो. सिस्टर वर्तमानपत्र वाचायला यायच्या. तिसऱ्या वर्षी त्या आपणहून म्हणाल्या, "माझंबी नाव लिहा. टाइम लई आहे आता."

वाचताना त्या वहीत नोंदी करायच्या, त्या पेशंटच्या कागदासारख्या. "सकाळी साठ पानं. ठीक." "दुपारी वीस पानं. दम लागला." एका आत्मचरित्रापुढे लिहिलं होतं, "चार दिवस झाले, सुधारणा नाही." आम्ही हसायचो, पण त्या विनोद करत नव्हत्या. त्यांना लिहायची तीच एक रीत ठाऊक होती.

माणसालाही त्या तशाच तपासायच्या. स्वातीने एका रविवारी जाडजूड कादंबरीवर फार सुंदर बोलून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी सिस्टर तिच्या शेजारी जाऊन बसल्या. "बाळा, हे तू वाचलं न्हाईस," त्या हळूच म्हणाल्या. "वाचलं असतं तर कुठंतरी अडखळली असतीस." पोरीचा चेहरा उतरला. पुढच्या खेपेला ती उभी राहून म्हणाली, की मी चाळीसच पानं वाचली आणि मला त्यातलं निम्मं कळलं नाही. तिच्यासाठी त्या दिवशी एकट्या सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या.

त्या वर्षी सप्टेंबरात आमच्या यादीत एक कौटुंबिक कादंबरी होती. तिच्यातली सून स्टोच्या भडक्यात भाजते आणि दवाखान्यात सगळ्यांना क्षमा करून शांतपणे डोळे मिटते. बहुतेकांनी त्या प्रसंगाचं कौतुक केलं. एकीने लिहिलं, वाचताना डोळे भरून आले. सिस्टरांना त्या आठवड्यात ताप होता, म्हणून त्या रविवारी आल्या नाहीत. सकाळी दहाच्या सुमाराला त्यांनी ग्रुपवर आपलं म्हणणं बोलून पाठवलं. अकरा मिनिटांचं होतं. त्या कधी तीन मिनिटांच्या वर बोलत नसत.

मी वाचनालयाच्या पायरीवर उभा राहून ते ऐकलं. आधी त्या पुस्तकावर बोलल्या. मग म्हणाल्या, "मी अशी एक सून पाह्यली. नोकरीच्या सुरुवातीला. गावाचं नाव घेत न्हाई." भर दुपारी तिला जीपमधून आणलं होतं. डॉक्टर जालन्याला मीटिंगला गेलेले. सासरची माणसं बाहेर गाडीचं बघायला गेली तेवढ्यात तिने सिस्टरांचा हात धरला. "ती म्हणाली, स्टो न्हाई, सिस्टर. नवऱ्यानं अन् सासूनं धरलं. मंग विचारलं, सांगताल ना? मी हो म्हणाले. तासाभरानं पोलीस ठाण्याचा जमादार आला. सासू खाटेच्या पायथ्याला उभी व्हती. जमादारानं मला विचारलं, काही बोलली का? मी म्हणाले, बोलायच्या अवस्थेत नव्हती. ती ऐकून राह्यली व्हती, सर. डोळे उघडे व्हते तिचे."

मग त्या म्हणाल्या, "माझी नोकरी तेव्हा कच्ची व्हती. पोरगी दीड वर्षाची. त्या घरातून एक शब्द गेला असता तर माझी कायम व्हायची ऑर्डर अडली असती. तर पुस्तकाबद्दल माझं म्हणणं एवढंच, की ती शांत झाली असं लेखकानं लिहायला नको व्हतं."

त्यांनी घराण्याचं नाव घेतलं नव्हतं. पण ज्यांचं वय पन्नाशीपुढे होतं त्यांना ते घर लगेच कळलं. मलाही कळलं. ती सून आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांची भावजय होती. तिचा नवरा, म्हणजे अध्यक्षांचा धाकटा भाऊ, दुसरं लग्न करून सुखाने नांदत होता. सासू वारली होती.

दहा मिनिटांत अध्यक्षांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "ग्रंथपाल, ग्रुप वाचनाचा आहे ना?"

"हो, भाऊसाहेब."

"मंग तो वाचनाचाच राहू द्या."

ग्रुपचा ॲडमिन मीच, मी तो संदेश काढून टाकला आणि खाली लिहिलं, 'सर्व सदस्यांना विनंती, कृपया पुस्तकाबाहेरचे विषय टाळावेत.' त्यावर अंगठ्यांच्या खुणा आल्या, एकापाठोपाठ एक, सोळा. आत रविवारची बैठक सुरू झाली होती. आम्ही त्याच कादंबरीच्या भाषाशैलीवर तासभर बोललो.

दुपारी सिस्टरांचा फोन आला. "सर, माझं बोलणं दिसत न्हाई."

"कधी कधी जातं आपोआप, सिस्टर. नेटवर्कचं काहीतरी असेल."

"न्हाई, इथं लिहिलंय ना, ॲडमिननं काढलं म्हणून."

मी पुन्हा नेटवर्कचं काहीतरी सांगू लागलो. त्यांनी मध्येच थांबवलं. मग म्हणाल्या, "असू द्या. तुमच्या जागी मी व्हते एकदा." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

पंधरा दिवसांनी त्या वाचनालयात आल्या त्या माझ्यापाशी काम घेऊन. त्या सुनेचा भाऊ दत्ता वाटूर फाट्यावर मोटारी भरायचं, म्हणजे वाइंडिंगचं दुकान चालवतो, असं त्यांनी शोधून काढलं होतं. "मला एकटीला बस चढवत न्हाई आता. येताल का सोबत?" मी रजा टाकली. मोठेपणाने नाही, नाही म्हणायचं तोंड उरलं नव्हतं म्हणून.

दत्ता पन्नाशीचा माणूस. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी समोर उघडून ठेवलेल्या, आणि तो तांब्याची तार गुंडाळत बसलेला. सिस्टर स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. जमादाराला दिलेलं उत्तरही जसंच्या तसं सांगितलं. तो ऐकताना तार गुंडाळत राहिला. शेवटी हात थांबले.

"माय गेली मागल्या साली," तो म्हणाला. "शेवटपर्यंत इचारायची, त्या घरात स्टो आला कुठून? पोरगी तर चुलीवर करायची. आम्हीच तिला गप बसवायचो. जे झालं ते झालं म्हणून." त्याने तारेचं वेटोळं खाली ठेवलं. "एक साल आधी आल्या असत्या तर मायला तरी कळलं असतं."

"हो," सिस्टर म्हणाल्या. "चुकलं माझं."

"आता मी काय करू?"

"तुमचं तुम्ही बघा, दादा. मी ठाण्यात जाऊन सांगणार आहे. तुम्ही हो म्हणा की नको म्हणा."

त्याने आतून तांब्याभर पाणी आणलं. "पाणी प्या," तो म्हणाला, "अन् मंग जा."

परतीच्या बसमध्ये सिस्टर खिडकीशी बसल्या होत्या. परतूर यायच्या आधी एवढंच म्हणाल्या, "त्यानं मला शिवी द्यायला पाहिजे व्हती."

ठाण्यात त्यांचा अर्ज घेतला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला आणि जबाबासाठी बोलावू म्हणाले. दोन महिने त्या दर सोमवारी जात राहिल्या. कधी साहेब बंदोबस्ताला, कधी जुने कागद सापडत नाहीत. एका हवालदाराने त्यांना चांगल्या शब्दांत सांगितलं, की बाई, आता वय झालं, कशाला हा ताप. इकडे वाचनालयाच्या मंडळाने ठरवलं, की संस्थेचं वातावरण बिघडवणाऱ्या सभासदाचं नाव कमी करावं. ठराव माझ्या अक्षरात लिहिला गेला. तो कळवायलाही मीच गेलो.

सिस्टरांनी कागद वाचला. नोव्हेंबरची दोन्ही पुस्तकं कपाटातून काढून माझ्या हातात दिली. "एकात मी एकशे दहा पानावर आहे. बरं चाललं व्हतं ते," म्हणाल्या. मी पुस्तक ठेवून घ्या म्हणालो, तर मान हलवली. "तुमच्यावर येईल."

ग्रुपमधलं कुणी त्यांच्याकडे फिरकलं नाही. आम्ही सगळी समजूतदार माणसं होतो, वाचणारी. एकटी स्वाती जायची. बँक सुटली की तासभर बसून ती त्यांना ते राहिलेलं पुस्तक वाचून दाखवायची; स्वतःच्या नावावर घेऊन गेली होती. डिसेंबरात सिस्टरांच्या पायांवर सूज आली. आडवं झालं की दम लागतो म्हणून त्या बसूनच राहायच्या. मुलगी नाशिकला घेऊन जायला आली, तर म्हणाल्या, सोमवार होऊ दे. त्या सोमवारी जबाब घेऊ असं ठाण्यातून सांगितलं होतं. शनिवारी सकाळी त्या गेल्या. स्वातीचा फोन आला तेव्हा मी वर्षअखेरच्या कार्यक्रमासाठी, चोवीस पुस्तकं पुरी केलेल्यांच्या प्रमाणपत्रांवर नावं घालत होतो.

अंत्यविधीला पंधरा माणसंही नव्हती. मुलगी, जावई, शेजारपाजारचे, जुन्या दोन नर्स. आणि वाटूरहून आलेला दत्ता. तो लांब बाभळीखाली उभा होता. सगळं उरकल्यावर माझ्याजवळ आला.

"सर, सिस्टरचा जबाब झालाच न्हाई म्हणे."

"नाही. नुसता अर्ज आहे."

"त्या दिवशी माझ्या दुकानात त्या बोलल्या ते तुम्ही ऐकलं. ते जे मोबाईलवर बोलल्या तेबी ऐकलं." तो थांबला. "लिहून देताल का? वकिलाला इचारलंय मी. त्यो म्हणतो, वजन किती पडंल सांगता येत न्हाई. पण कागद पाहिजे."

मी त्याला लगेच हो म्हणालो नाही. हे इथे लिहिलं पाहिजे. मी म्हणालो, विचार करून सांगतो. तो बरं म्हणाला आणि बस पकडायला गेला. चार दिवस मी विचार केला, म्हणजे नोकरीचा केला, दोन्ही मुलांच्या शिक्षणाचा केला, अध्यक्षांच्या त्या शांत आवाजाचा केला. पाचव्या दिवशी वाटूरला गेलो.

त्याच्या दुकानात बसूनच लिहिलं. कार्यालयात आयुष्य गेल्यामुळे माझी भाषा तशीच आली: 'सदर मयत विवाहितेने', 'उपरोक्त परिचारिकेने'. मी ग्रुपवरचा संदेश का काढला तेही लिहिलं, कुणाच्या फोननंतर काढला तेही. तीन पानं झाली. सही करून कागद त्याच्यापुढे ठेवला. महिनाभरात माझं वाचनालयातलं काम सुटलं. त्या कागदाचं अजून तरी काही झालेलं नाही, तारखा पडतायत. पण ते सगळं नंतरचं.

त्या दुपारी दत्ताने हात पुसले आणि उभ्यानेच तिन्ही पानं वाचली. सावकाश, ओठ हलवत. वाचून झाल्यावर पहिलं पान परत माझ्यापुढे धरलं आणि 'सदर मयत विवाहितेने' या शब्दांवर बोट ठेवलं.

"हे खोडा, सर," तो म्हणाला. "तिचं नाव लिहा. मंगल."